मी इस्त्री केलेला पांढरा शर्ट

त्या सकाळी नवऱ्याने पांढरा शर्ट पुढे केला आणि म्हणाला, "याले जरा इस्त्री करून दे." मला वाटलं, सानगडीला कोणाच्या लग्नाला चालला असेल. कॉलर चांगली दाबून दिली. कसली भोळी मी. आताही आठवलं की अंग जळतं.

आमची कंपनी बायांची. गावातल्या धान पिकवणाऱ्या बायांनी मिळून काढलेली, तांदळाची छोटी गिरणी चालवणारी, आणि मी तिची अध्यक्ष. पहिल्याच मीटिंगला मी नियम घातला होता की नवरे आत येणार नाहीत. बायकोला सोडायचं, बाहेर मोहाच्या झाडाखाली थांबायचं, मीटिंग सुटली की घेऊन जायचं. गाव हसलं. माझा नवरा मात्र मोटारसायकलवर बसून निमूट तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहायचा. म्हणून तर माझा त्याच्यावर भरवसा होता.

ओला धान आम्ही कोणाचाच घेतला नाही. सख्ख्या दिराची पोती मी गिरणीच्या दारातून परत पाठवली. किती दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पण तांदळाचं नाव झालं. नागपूरचे दुकानदार आपणहून फोन करायला लागले.

मग ही वार्षिक सभा. सगळ्या जणी बसल्या होत्या, आणि माझा नवरा दारात चपला काढून सरळ आत आला. पांढऱ्या शर्टात.

"तुम्ही काहून आत आले?" मी विचारलं. उत्तर दिलं माझ्या शेजारणीने. हिला संचालक करायचं म्हणून मी हिच्या सासूशी भांडले होते.

"बाई, राग नको मानू. कंपनी आता मोठी झाली. मोठ्या व्यापाऱ्याइसंग बोलाले गडीमाणूस पाहिजे. अध्यक्ष तूच राहाय, कारभार भाऊजी पाहातीन."

पहिला हात तिनेच वर केला. मग एकेक करून सगळ्यांनी. माझ्याकडे कोणी बघेना. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी तांदळाचा भाव ठरवायला नागपूरची दुकानं हिंडत होते, तेव्हाच चिखलात वाकल्या वाकल्या यांचं सगळं ठरलं होतं, आणि माझ्या घरातल्याला ते ठाऊक होतं. कंपनी बुडाली असती तर मी स्वतःच उठले असते. ती चालली, म्हणून मला उठवलं. याला मी दगाच म्हणते, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

संध्याकाळी तो जेवायला बसला. शर्ट अजून अंगातच होता. मी आमच्याच गिरणीचा भात वाढला. दोन घास खाऊन तो हळूच म्हणाला, "उद्या नागपूरचा व्यापारी येऊन राहिला. त्याले भाव काय सांगू?"

"मले कायले विचारता?" मी म्हटलं. "मी तं उद्यापासून झाडाखाली बसीन. तुमची मीटिंग सुटली की सांगजा."