फटफटीची जाळी

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक फटफटी सोडून जायचं आणि तिच्यासोबत एखादा किस्साही. फटफटी दुरुस्त होऊन घरी जायची. किस्सा आमच्याकडंच राहायचा!

गॅरेज वाशीमला, रिसोड रस्त्यावर. मालक गुलाबभाऊ, आणि हाताखाली मी. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. लष्करानं लिलावात काढलेल्या जुन्या फटफट्या आमच्या भागात तेव्हा कुठं दिसू लागल्या होत्या. रस्ते म्हणजे गाडवाटा, त्यावर घोटाभर धूळ. ती इंजिनात जाऊ नये म्हणून हवा ओढायच्या तोंडावर पत्र्याचा डबा असतो आणि डब्यात तेलात भिजवलेली जाळी. शिकलेले लोक तिला एअर फिल्टर म्हणत, बाकी सगळे जाळीच. रॉकेलमध्ये धुवायची, वाळवायची, तेलात बुडवून निथळायची आणि परत बसवायची. काम एवढंच. पण एवढ्याशा कामात लोकांनी काय काय करून ठेवलं!

•

केनवडच्या एका पाटलांना गुलाबभाऊनं बजावलं होतं, "जाळी धुतली का तेल लावत जा." पाटील परत आले ते फटफटीवर बसूनच, पण मागून दोन गडी ढकलत होते!

डबा उघडला. जाळी पापडासारखी कडक. टिचकी मारली तर वाजली.

"पाटील, तेल कोनतं लावलं?"

"जवसाचं."

जवसाचं तेल वाळलं की त्याचं वार्निश होतं. हवा जाणार कुठून? गुलाबभाऊनं कपाळाला हात लावला. "अहो, इंजिनाचं तेल लावा लागते!"

पाटील तडकले. "बाजारचं तेल मी सोताच्या पोटात घालत नाही, हिच्या कायले घालू? घरच्या जवसाचं ताजं तेल हाये!"

•

ढोरांच्या डॉक्टरांच्या फटफटीत जाळीऐवजी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी होती. ती फाटली. नवी नागपूरहून यायची होती, आणि डॉक्टरांना तर रोज खेड्यांवर जावं लागायचं. गुलाबभाऊ त्यांच्या डोक्याकडं पाहत राहिला.

"साहेब, टोपी चांगल्या नमद्याची दिसून राह्यली."

डॉक्टर हसले. गुलाबभाऊ हसला नाही. त्यानं कात्री आणली.

फटफटी झकास पळाली. पण त्या काळात शहाणासुरता माणूस बोडका फिरला, तर त्याच्या घरात कोणीतरी वारलं असं लोक समजत. डॉक्टर आजारी म्हैस पाहायला एका गावात उतरले, तर म्हशीच्या म्हाताऱ्या मालकानं त्यांचे हात धरले. घरात चूल पेटली नसेल म्हणून बायकांनी पिठलं-भाकर आणून ठेवली. डॉक्टर भुकेले होते, जेवले. हात धुताना म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "कोन गेलं, साहेब?"

"टोपी गेली. इंजिनात!"

•

मानोऱ्याकडचे एक गुरुजी पोहरादेवीच्या यात्रेला निघाले. पुढं गाड्यांची रांग, धूळ एवढी की पुढचे बैल दिसेनात. गुरुजींना फटफटीची दया आली. त्यांनी आपलं उपरणं काढलं आणि डब्याभोवती चार वेढे देऊन घट्ट गाठ मारली. फटफटी दोनदा खोकली आणि बंद! किक मारमारून गुरुजी घामाघूम झाले. शेवटी घाम पुसायला काही नव्हतं म्हणून त्यांनी उपरणं सोडलं, तोंड पुसलं, सहज किक मारली. लगेच सुरू!

आम्हाला येऊन गंभीरपणे म्हणाले, "हिले माया केल्ली चालत नाही."

•

जिनिंगच्या एजंटाची फटफटी सरकीच्या ढिगाशेजारी उभी असायची. ओढत नाही अशी तक्रार घेऊन ते आले. डबा उघडला तर आत कापूस गच्च भरलेला, आणि कापसात उंदराची लाल लाल पिल्लं!

गुलाबभाऊनं झाकण परत लावलं.

"काय झालं?"

"गाडी बाळंतीन हाये."

"फेकून दे ना ते!"

"डोये उघडू द्या त्यायचे. मंग पाहू."

ऐन कापसाचा हंगाम. एजंट सायकलवर गावोगाव फिरले. येता-जाता गॅरेजसमोर ब्रेक मारून ओरडायचे, "उघडले का रे डोये?" आणि रस्त्यावरची माणसं आपापले डोळे चोळायची!

•

आता मेडशीचा विश्वनाथ. त्यानं हौसेनं फटफटी घेतली, आणि धूळ लागेल म्हणून बाहेरच काढेना. गोठ्यात चादर पांघरून उभी. जाळी मात्र नेमानं धुवायचा. बायको म्हणायची, "म्हैस आनली असती तं दूध तरी देल्लं असतं!"

शेजारी किसन. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं भांडण झालेलं, बोलणं कित्येक वर्षं बंद. एका दुपारी किसनची सून बाळंतपणात अडली. दाईनं हात टेकले. नर्सबाई दुसऱ्या गावाला, बैलगाडीनं जाऊन यायचं म्हणजे संध्याकाळ. किसन बैल जुंपत होता, पण घाईत जू काही बसेना. विश्वनाथनं ते कुडावरून पाहिलं. चादर ओढली, किक मारली आणि नर्सबाईंना आणायला निघाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्यानं कोणाला विचारलं नाही.

रस्त्यावर कापसाच्या गाड्या, धुळीचा लोट. अर्ध्या वाटेवर फटफटीनं काळा धूर सोडला आणि बसली. जाळी मातीनं लिंपलेली. धुवायला रॉकेल नाही. विश्वनाथनं जाळी उपटली, बाभळीत फेकली आणि इंजिन उघड्या तोंडानं तसंच पळवलं.

नर्सबाई नंतर आम्हाला सांगायच्या, "मी डोळे मिटून बसले होते. उघडले तर मेडशी!" मुलगी झाली. आईही वाचली.

इंजिन मात्र गेलं. थोड्या दिवसांनी दोघं गॅरेजला आले. गाडी किसनची, बैल किसनचे, गाडीत आडवी घातलेली फटफटी, आणि तिच्या पलीकडं किसनकडं पाठ करून बसलेला विश्वनाथ. मेडशीपासून वाशीमपर्यंत दोघं एक शब्द बोलले नव्हते.

गुलाबभाऊनं इंजिन उघडलं. आत चरे पडलेले, पिस्टनच्या रिंगा झिजून गेलेल्या. "जाळी फेकली काहून? थांबून धुतली असती तं इंजिन वाचलं असतं."

किसन बैलाची मान खाजवत राहिला.

मग विश्वनाथ म्हणाला, "गुलाबभाऊ, त्याले इचारा, पोरीचं नाव काय ठेवलं."

किसन हाताच्या अंतरावर उभा. गुलाबभाऊनं आधी याच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "किसनभाऊ, नाव काय ठेवलं पोरीचं?"

"त्याले सांगा, आजून ठेवलं नाही. तो म्हनन ते ठेवू."

गुलाबभाऊ वळला, तोंड उघडणार तोच विश्वनाथ म्हणाला, "आयकलं."

त्यानं चिंधी घेतली आणि हात पुसत बसला. हाताला काही लागलेलं नव्हतं.

"माह्या मायचं नाव बनाबाई होतं."

हे म्हणताना तो गुलाबभाऊकडं पाहत नव्हता.