दर्यामामांची फळी

दर्यामामांच्या फळीवर बसलेल्या माणसाला काय खायचं हे ठरवायचा अधिकार नव्हता. तो अधिकार मामांचा. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की मामा हातातलं उलथणं तसंच धरून त्याच्या तोंडाकडे बघत, डॉक्टर जीभ बघतात तसे, आणि मग तव्यावर काहीतरी टाकत. नवख्या माणसाने "काय काय आहे?" असं विचारलंच तर "भूक हाय का?" एवढा उलट प्रश्न येई. भूक असेल तर गप बसायचं, नसेल तर उठायचं. मला पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं पातळ कालवण आणि भात दिला. तळलेला तुकडा मागितला तर म्हणाले, "तुमचं पोट बिघाडलंय. उद्या या." पोट खरंच बिघडलं होतं. त्यांनी ते कसं ओळखलं, याचं मला बरेच दिवस आश्चर्य वाटायचं. पुढे कळलं की सोलापुरात नवीन आलेल्या प्रत्येक कारकुनाचं पोट बिघडलेलंच असतं.

मी बार्शीचा. घरी धान्याची आडत, तुळशीवृंदावन, आणि अंड्याचं नाव काढलं तरी आईला आंघोळ करावीशी वाटायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पाटबंधारे खात्यात नकाशे गिरवणारा ट्रेसर म्हणून चिकटलो आणि सोलापूरला साखर पेठेत खोली घेतली. त्याच बोळात मामांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली. मधोमध चूल, चुलीसमोर आडवी लाकडी फळी, फळीच्या अलीकडे बाक. आम्ही सगळे दावणीला बांधल्यासारखे ओळीने बसायचो आणि मामा समोर उभे राहून एकेकाच्या पुढे टाकायचे. मागच्या अंगाला पडद्याआड मामी पाट्यावर मसाला वाटत बसलेल्या असायच्या. त्यांचा चेहरा क्वचित दिसे, आवाज मात्र नेमका नको तेव्हा येई.

समुद्रापासून इतक्या लांब, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे माशांचं दुकान चालवणारा माणूस कोकणातलाच असणार, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. मामांनी ते कधी नाकारलं नाही. उलट ते बोलायला लागले की सुरुवात ठरलेली, "आमच्या तिकडं." आमच्या तिकडं म्हणजे नेमकं कुठं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या तिकडं समुद्र दिवसातून दोनदा मागं सरतो आणि बायका वाळूतनं शिंपल्या येचतात. आमच्या तिकडं पुनवेला दर्याला नारळ देत्यात, न्हायतर त्यो मानूस मागतो. आमच्या तिकडं अंधाऱ्या रात्री लाट फुटली की पानी पेटतं. हे सगळं ते सोलापूरच्या अस्सल गावठी बोलीत सांगत. पण कोकणी माणूस कसा बोलतो हे आमच्यापैकी कोणाच्या बापाने ऐकलं होतं? 'मेल्या' हा एकच कोकणी शब्द मामांकडे होता आणि तो ते मिठासारखा सगळीकडे टाकत.

फळीवरचे दोघे जण माझ्यासारखेच रोजचे होते. एक यादगिरी, शेजारच्या कारखान्यात चादरी विणायचा. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत प्रत्येक वाक्याला 'बे' लावायचा. दुसरे एका शाळेतले भूगोलाचे मास्तर. मास्तर मामांचे परमभक्त. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता, पण शिकवावा लागायचा, त्यामुळे फळीवर जे ऐकायचे ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे. एकदा त्यांनी पोरांना पाणी पेटतं म्हणून सांगितलं, नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब आलेले. साहेबांनी पोरांसमोर विचारलं, "मास्तर, मग विझवतं कोण?" वर्ग हसला. मास्तरांनी तो अपमान गिळला, पण मामांवरची श्रद्धा सोडली नाही.

तसे मास्तर धार्मिक. श्रावणात ते फळीवर बसत नसत. मागच्या दाराने येऊन मामींच्या पाट्याशेजारी बसून खात. श्रावणात मागच्या दाराला एवढी गर्दी व्हायची की पुढच्या दाराने येणाऱ्याला जास्त एकांत मिळायचा. एका सोमवारी मास्तरांनी तोंड पुसता पुसता पापाचा विषय काढला. मामा म्हणाले, "मास्तर, देवानं पयला अवतार कशाचा घेतला?" मास्तर म्हणाले, मत्स्याचा. "मग? वाईट असता तर घेतला असता का? देवाला पसंत, आन् तुमास्नी न्हाय?" मास्तरांनी आणखी एक तुकडा घेतला.

मामांची अक्कल पाजळण्याची हौस त्यांना एकदा महागात पडली. यादगिरीने कुठून तरी ऐकून आणलं की जपानमध्ये लोक भातावर कच्चा मासा ठेवून खातात, आणि दुकानदार समोर उभा राहून तो कापून देतो. बाकावर बसून खायचं, दुकानदार देईल ते खायचं, हे ऐकून मामा खूश झाले. म्हणाले, शाना मानूस हाय. पण मासा कच्चा हे त्यांना पटेना. कच्चाच खायचा तर मांजरानं काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. तरी डोक्यात किडा वळवळत राहिला. एका दुपारी दुकान रिकामं बघून त्यांनी भाताच्या मुटक्यावर मरळ माशाचा कच्चा तुकडा ठेवला, लिंबू पिळलं, शेंगदाण्याची चटणी पेरली आणि खाल्ला. पुढचे दोन दिवस दुकान बंद होतं. मामी दारात उभ्या राहून येणाऱ्याला सांगत होत्या, "आज जपान बंद हाय."

आणि मग परबसाहेब आले. बँकेत बदलून आलेले, वेंगुर्ल्याकडचे, खरेखुरे, शिक्कामोर्तब झालेले कोकणी. नोकरीच्या कामाने माझी त्यांची ओळख झाली आणि सोलापुरात मासे मिळत नाहीत म्हणून ते हळहळले, तेव्हा मला आनंद आवरेना. तुमच्याच मुलखातला माणूस आमच्या बोळात आहे म्हणून सांगितलं. मामांना ही बातमी दिली तर त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. मला वाटलं, गाववाला भेटणार म्हणून गहिवरले. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. मामांना ताप आला होता. तिसऱ्या दिवशीही ताप. शेवटी मागच्या दारातून मामींचा आवाज आला की ताप उतरलाय, साहेबांना आणा.

संध्याकाळी आम्ही परबसाहेबांना नवरदेवासारखं घेऊन गेलो. मास्तर नवीन टोपी घालून आले होते. दोन कोकणी माणसं समुद्राविषयी बोलणार आणि आपण ऐकणार, म्हणून यादगिरीनेही पाळी बदलून घेतली होती. परबसाहेब बाकावर बसले, हसले आणि त्यांनी विचारलं, "मामा, तुमचो गाव खंयचो?"

मामांनी साहेबांच्या तोंडाकडेही बघितलं नाही. ताट वाढलं, पुढं सरकवलं आणि चुलीतलं लाकूड उगाच पुढे-मागे करत राहिले. परबसाहेबांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग शुद्ध मराठीत, अगदी सावकाश म्हणाले, "हा मासा गोड्या पाण्यातला आहे."

मामांनी उलथणं खाली ठेवलं. "व्हय साहेब. भीमेचा हाय. आन् मी नातेपुत्याचा. धनगर. आमच्या सात पिढ्यांनी मेंढरं राखली. समुद्र म्या बगितलेला न्हाय."

पडद्यामागून मामी म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची."

यादगिरी पहिल्यांदा हसला आणि मग एकदम चिडला. इतकी वर्षं उल्लू बनवलं बे आम्हाला, म्हणाला. मास्तर उठले. टोपी काढून हातात धरली आणि निघून गेले. त्या टोपीपेक्षा त्यांचा चेहरा जास्त चुरगळला होता.

बातमी बोळातून पेठेत आणि पेठेतून गावात गेली. येणारे-जाणारे दारात थांबून मेंढराचं सुकट आहे का, म्हणून विचारायला लागले. बाक रिकामा पडू लागला. खरं तर कालवण तेच होतं, मासा तोच होता, पण धनगराच्या हातचा मासा लोकांना अळणी लागायला लागला. मामांनी 'मेल्या' म्हणायचं सोडलं. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचंही सोडलं; काय देऊ म्हणून विचारायला लागले. मी जातच राहिलो. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. दुसऱ्या खानावळीतली वांगी मला सोसत नव्हती.

पण आश्चर्य म्हणजे परबसाहेबही रोज येत राहिले. एके दिवशी त्यांनी कालवणातलं एक काळपट फळ बोटाने बाजूला काढलं आणि विचारलं, हे तिरफळ कोणी शिकवलं? आमच्याकडच्या माणसाशिवाय मासळीत हे कोणी घालत नाही. तेव्हा कुठे मामा बोलले. पोरवयात ते मुंबईला पळून गेले होते. गिरणगावात एका मालवणी बाईंची खानावळ होती, तिथे भांडी घासता घासता पुढे चुलीशी आले. सगळी रीत बाईंची, आणि सगळ्या गोष्टीही बाईंच्याच. "आमच्या तिकडं" म्हणायच्या त्या बाईच.

"मग मुंबईत राहून समुद्र नाही पाहिलात?" मी विचारलं.

"बाईंच्या मालकाला दर्यानं नेलं हुतं," मामा म्हणाले. "मला पोटच्या पोरावानी ठिवलं. म्हनल्या, माजी शप्पत हाय, तिकडं जायाचं न्हाय. मग न्हाय गेलो. वास यायचा कवाकवा. वासाला काय शप्पत न्हाय."

परबसाहेब जेवायचे थांबले. मग त्यांनी मामांना त्या सगळ्या गोष्टी पुन्हा सांगायला लावल्या. भरती-ओहोटी, शिंपल्या, नारळ. प्रत्येक गोष्टीला ते मान हलवत होते. पाणी पेटतं म्हटल्यावर मामा जरा अडखळले. म्हणाले, ती मातर बाईंनी थापच मारली आसंल. परबसाहेब म्हणाले, "थाप नाही. मी स्वतः पाहिलंय. निळं पेटतं. विझवावं लागत नाही, आपोआप विझतं."

हे ऐकल्यावर मी ताट तसंच टाकून मास्तरांचं घर गाठलं. मास्तर पोथी वाचत होते. पेटतं, एवढंच मी म्हणालो. त्यांना बरोबर कळलं. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या दाराने आले आणि बाकावर बसले. श्रावण होता तरी. मामांनी काय देऊ म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, तुम्ही ठरवा. मामा बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग वळून तव्यावर सगळ्यात मोठा तुकडा टाकला. आठवडाभरात यादगिरीही आला. आपण कधी चिडलोच नव्हतो, पाळीमुळे जमलं नाही, असं त्याने न विचारता सांगितलं.

बाक पुन्हा भरला, पण फार दिवस नाही. दुष्काळ पडला. गावचा तलाव आटत चालला तेव्हा मासे इतके स्वस्त झाले की आम्ही माजलो. मग चिखल उरला आणि मग तोही नाही. भीमेच्या पात्रात धूळ उडायला लागली. मामा काही महिने सुक्या बोंबलावर तग धरून होते. तेवढ्यात परबसाहेबांची गावाकडे बदली झाली आणि जाताना ते म्हणाले, तुम्ही दोघं चला, चार दिवस राहा, बाईंचं गावही जवळच आहे. मामा शपथेवर अडले. मामी पडदा सारून फळीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "शप्पत तुमची हाय, माजी न्हाय. मी बगून येते. तुमी दर्याकडं पाठ करून बसा."

आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. मामींच्या हातात पाटा-वरवंटा होता. चार दिवसांसाठी पाटा-वरवंटा कोणी नेत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

ते परत आलेच नाहीत. काही वर्षांनी खात्याच्या कामाने कोल्हापूरपर्यंत गेलो होतो, तसाच घाट उतरून वेंगुर्ल्याला गेलो. मामांचं दुकान शोधायला वेळ लागला नाही, कारण बाहेर रांग होती. आत तशीच चूल, तशीच फळी, आणि बाकावर ओळीने बसलेले कोळी, खलाशी, आंबेवाले. मामा त्यांना मटण वाढत होते. काळं मटण, ज्वारीची भाकरी. आणि सांगत होते, आमच्या तिकडं माळाला टोक नसतं, आमच्या तिकडं लांडगा कुत्र्यावानी शेपूट हलवत येतो. ते लोक डोळे मोठे करून ऐकत होते. मासे का नाही करत, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "हितं मासे काय कुनीबी करतं."

मला बघून त्यांनी मिठी मारली नाही की गहिवरले नाहीत. तोंडाकडे निरखून पाहिलं आणि पातळ रस्सा वाढला. घाटातल्या वळणांनी माझं पोट बिघडलेलंच होतं.

संध्याकाळी मामी आणि ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. वाटेत उजव्या हाताला समुद्र होता. मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळे चालता चालता थांबलो. मामी म्हणाल्या की इथे आल्यावर हे चार महिने पाठ करूनच बसत होते. मग एके दिवशी बाईंच्या गावच्या किनाऱ्यावर गेले, पाठमोऱ्यानेच नारळ दिला, बाईंची माफी मागितली आणि वळून बघितलं.

मी मामांना विचारलं, कसा वाटला? त्यांनी समुद्राकडे नजर टाकली, कडबा किती आहे याचा अंदाज घ्यावा तशी, आणि म्हणाले, "लई पानी हाय. निम्मं सोलापूरला पायजे हुतं."