सुदर्शन सर आणि टेकाडाखालचे शेजारी

सुदर्शन सरांना शाळेच्या चार भिंती कधी मानवल्याच नाहीत. गाव त्यांचं कासुर्डी, हायवेला लागून. ट्रकच्या आवाजावर मात करत बोलायची सवय लहानपणापासूनची. आमच्या दोनशिक्षकी शाळेत ते पाचवीचे पाढे घ्यायला लागले, की माझ्या वर्गातली पहिलीची पोरंही ठेका धरायची. अपूर्णांक पाण्याच्या पाळीवरून, क्षेत्रफळ कांदाचाळीवरून, आणि भाषेचा तास थेट बांधावर. 'चिंचेचं', 'खडकाचं', 'मधली पट्टी' ही शेतांची नावं कशी पडली ते पोरांनी घरी विचारून यायचं. पालक कुरकुरायचे, "पोरं शाळंत कमी आन् बांधावर जास्त." सर म्हणायचे, "बांध बी शाळंतच हाय." मला हसू यायचं आणि रागही यायचा, कारण चिखलाचे पाय माझ्या वर्गात उमटायचे.

इनामगावचं टेकाड आमच्या वस्तीपासून जवळच आहे. घोड नदीच्या काठी तिथं तीन हजार वर्षांमागं शेतकऱ्यांचं गाव होतं. उत्खनन झालं, खड्डे बुजले. आता बघायला जावं तर माती आणि बाभळी. पण सर त्या माणसांना 'आपले शेजारी' म्हणायचे, जणू सकाळीच त्यांच्याकडून विरजण मागून आणलंय. दरवर्षी पाचवीच्या पोरांना ते या शेजाऱ्यांच्या घरी न्यायचे.

यंदा मी त्यांना अडवलं. कारण पाचवीतली अपेक्षा.

अपेक्षाचा भाऊ जन्मून आठवडाच झाला होता, आणि गेला. बाप रांजणगावच्या कंपनीत, तो पोचायच्या आतच आजोबांनी, हौशीराम आबांनी, बाळ टॉवेलात गुंडाळलं आणि एकटेच नदीकडं निघून गेले. आमच्याकडं इतक्या लहान बाळाला जाळत नाहीत, नदीकाठी पुरतात. बायका बरोबर जात नाहीत. जागा कुणी सांगत नाही आणि आईनं विचारायची नसते. आई, सारिका, बरी झाल्यापासून शेळ्यांचं निमित्त काढून रोज नदीकाठी फिरायची, खाली बघत. आई काय शोधते ते लेकीला कळत होतं. वर्गात सगळ्यात बडबडी असलेली ती पोर हजेरीपुरतं बोलायला लागली.

आता त्या टेकाडाखाली काय काय सापडलं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "सर, घरं दाखवा, चूल दाखवा. मढ्यांचं यंदा राहू द्या."

"व्हय मॅडम," ते म्हणाले. "जेवढं पेलंल तेवढंच."

टेकाडाशेजारच्या पडीक रानात त्यांनी सुतळी लावून घर आखलं. इथं दार, इथं चूल, इथं धान्याची कणगी. पोरांना दारातून आत घेतलं, आणि खरंच, दार सोडून कुणी सुतळी ओलांडली नाही. "या चुलीवर कालवण रटरटायचं. हितंच माय बसायची," सर सांगत होते. मी मागं उभी होते. रिकाम्या रानात मलाही घर दिसायला लागलं होतं.

अपेक्षा चुलीपाशी बसली होती. तिनं विचारलं, "सर, या लोकांची ल्हान बाळं मेली तर ती कुठं न्यायची?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी ना होकाराची मान हलवली, ना नकाराची. मग ते तिच्यासमोर मांडी घालून बसले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"कुठंच न्हाई न्यायची, बाळा. दोन मडकी घ्यायची, त्यात बाळ निजवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकाला लावायची. आन् घरातच, जमिनीखाली पुरायचं. माय सैपाक करायची, झोपायची, तिथंच."

"लांब न्हाई?"

"न्हाई."

अपेक्षानं तळहात जमिनीवर टेकला. तिचं बघून बाकीच्यांनीही टेकले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईचं नाव नाही, भाषा नाही, आणि तिचं दुःख मात्र मला जसंच्या तसं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते तोच हौशीराम आबा फाटकात हजर. मागं अपेक्षा. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"गुरुजी, काय शिकवलंत पोरीला?" आबांचा आवाज चढलेला होता. "रातच्याला जेवता जेवता इच्यारती, आपलं बाळ लांब का नेलं? सून ताटावरनं उठली."

"जे खरं हाय तेच सांगितलं, आबा. चुकलं असंल तर बोला."

आबा पायरीवर बसले, टोपी काढली. मग म्हणाले, "खरंच घरातच ठिवायचे?"

"व्हय."

"मला वाटलं, मीच येडा." आबा जमिनीकडं बघत बोलत होते. "निघालो व्हतो नदीलाच. अर्ध्या वाटंत पाय उचलंना. एवढंसं लेकरू, तिथं कुत्री, कोल्ही. रानातनं मागं फिरलो. आमच्या गोठ्यामागं शिताफळ हाय, त्याच्या बुडाशी ठिवलं. लोक म्हणत्याल घराला इटाळ केला, म्हून बोललो न्हाई. अन् ती रोज नदीवर हुडकती."

या माणसाला तेव्हा टेकाडाखाली काय निघालं, उत्खनन काय, काही माहीत नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. त्याच काठावर, त्याच मातीत, त्यानं तेच केलं होतं.

"तुम्ही सांगा सुनंला, गुरुजी," आबा म्हणाले. "सासऱ्यानं कसं सांगावं?"

उत्तर अपेक्षानं दिलं. तिनं आबांचा हात धरून त्यांना उठवलं. "मला दावा आबा. आईला मी सांगते."

ते दोघं गेल्यावर सरांनी खडू हातात घेतला, फळ्यासमोर उभे राहिले आणि तसाच परत ठेवला. त्या तासाला त्यांनी पोरांना खेळायला सोडलं.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा माझ्या वर्गाच्या दारात आली. मी काही विचारायच्या आत बोलायला लागली. "बाई, आई काल नदीवर गेलीच न्हाई. शिताफळाखाली पोतं टाकलं आन् तिथंच बसून सगळी मेथी निवडली."