हसनभाईंची सभा

मंगळवार पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर मी रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचो. दहा-पंधरा माणसं ऐकायला बसत. हसनभाई नालबंद तेवढे उभे राहत. बसा म्हटलं तर म्हणत, "दिसभर खुरापाशी वाकल्यालाच असतोय मास्तर. बातम्या तरी ताठ उभं ऱ्हाऊन ऐकू द्या."

आमच्या संस्थानात महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. मी नवाच मास्तर, आवाज खणखणीत, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलेलं. वाचून झालं, मी पेपरची घडी घातली की हसनभाईंचा प्रश्न ठरलेला. "आमच्या सभंचं काय आलंय?" मी म्हणायचो, "आज काही नाही." मग सगळा कट्टा हसायचा.

ही सभा जॉर्जियाची. महायुद्धात हसनभाई पलटणीच्या खेचरांना नाल मारायला गेले आणि बसऱ्याहून फिरत फिरत त्या मुलखात पोचले. रशियाचा झार गेला होता आणि तिथल्या लोकांनी मतं देऊन कायदे करणारी स्वतःची सभा बसवली होती. एका साहेबाबरोबर हसनभाई सभेच्या दाराशी गेले. बाहेर थंडीनं कुडकुडणाऱ्या या परक्या माणसाची दरवानाला कीव आली, आणि त्यानं त्यांना वरच्या सज्ज्यात नेऊन बसवलं. फार तर अर्धा तास. पण तो अर्धा तास हसनभाई जन्मभर पुरवून खाणार होते.

"एक म्हातारा कुणबी उठला बगा. बुटाला चिखल. अन् मंत्र्यालाच झाडाय लागला की! भाषा मला कुठली कळतीया? पर मंत्री मान खाली घालून ऐकत हुता. अन् चार-पाच बाया बसल्याल्या. मत द्यायला त्यांचं बी हात वर!"

"बाया कायदा करत्यात?" तालमीचे वस्ताद विचारत. "मग भाकरी कोण थापतंय, त्यांचं साहेब? हसनभाई, खेचरानं डोस्क्यात लाथ घातलीया तुझ्या."

हसनभाई चिडत नसत. "म्या बघितलंय," एवढंच म्हणत.

ते लढाईवर असताना मानमोडीच्या साथीत त्यांची बायको आणि मुलगी दोघी गेल्या. परत आले तेव्हा घराला कुलूप होतं. तेव्हापासून कट्टा हेच त्यांचं घर. त्या घरातल्या माणसांनी आपल्याला खोटं समजू नये, एवढीच त्यांची भूक होती. सभेचं नाव एकदा पेपरात आलं की झालं, असं त्यांना वाटायचं.

आणि ते आलं. शिमग्याच्या सुमाराला, आतल्या पानाच्या तळाशी, चार ओळींत. जॉर्जियाच्या सभेनं राज्यघटना मंजूर केली आणि चारच दिवसांत रशियाच्या बोल्शेविक फौजेनं राजधानी घेतली. सभासद जहाजानं परदेशी पळाले. सभा संपली.

मी वाचता वाचता थबकलो. समोर हसनभाई कान देऊन उभे. मला पुढं वाचायचं धाडस झालं नाही. मी सरळ कापसाच्या बाजारावर उडी मारली, आणि शेवटी "आज काही नाही" म्हणून मोकळा झालो. कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी तो पेपर वाण्याला पुड्या बांधायला देऊन टाकला. मोठं पुण्य केलं असं वाटलं होतं मला!

पण रोज तोच प्रश्न, रोज माझं तेच खोटं. दोन महिन्यांनी मन खाऊ लागलं तेव्हा त्यांच्याकडे गेलो. ते बैलाच्या खुरांना पत्र्या ठोकत होते. मी सगळं सांगून टाकलं. त्यांचा हातोडा थांबला.

"छापून आलतं?"

"हो."

"नावानिशी?"

"देशाचं, सभेचं, दोन्ही."

हसनभाईंचा चेहरा उजळला. "मग हुती म्हणा की! मेली म्हंजे आदी जिती हुती. आणा त्यो कागद, सांजच्याला वाचा समद्यांम्होरं!"

तो कागद पुड्यांसकट घरोघरच्या चुलींत कधीच जळून गेला होता. पुण्याला पेपरवाल्यांना पत्र घातलं; उत्तर आलं नाही. शेवटी कट्ट्यावर मीच उभा राहून सांगितलं, सभा होती, मी स्वतः वाचलंय.

"कागद दावा," वस्ताद म्हणाले. "अन् वाचलंसा तर तवाच का न्हाई सांगितलंसा?" मी त्या दिवसाच्या पेपरची घडी घालू लागलो. "मास्तर मायाळू माणूस. म्हाताऱ्याची दया आली त्यास्नी," वस्ताद हसत म्हणाले. तुच्छतेनं नाही, प्रेमानं म्हणाले, आणि तेच मला जास्त लागलं.

हसनभाई पुन्हा कट्ट्यावर आले नाहीत. पावसाळ्याआधी त्यांनी चंदगडला बिऱ्हाड हलवलं. तिकडे वाहतुकीचे बैल पुष्कळ. मी नाक्यापर्यंत सोबत गेलो आणि माफी मागितली.

"माफी कसली? जीव लावलासा म्हणून लपवलंसा," ते म्हणाले. "पर मास्तर, वाईट बातमी सोसती माणसाला. आपलं खरं आपल्या एकट्याजवळच ऱ्हायलं, ते न्हाई सोसत." एवढं बोलून ते बैलगाडीत चढले. मागं वळून त्यांनी पाहिलं नाही.

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात मी वाचलं की सोव्हिएतांनी त्या देशात आपली नवी सभा बसवली, आणि तिच्यात म्हणे सगळे हात एकदम वर जातात. मंत्र्याला झाडणारं कोणी उरलेलं नाही. जुन्या सभेबद्दलही त्यात सविस्तर होतं, बायकांच्या मतांसकट. चंदगडला पत्र लिहायला मी कागद पुढे ओढला आणि तसाच बसून राहिलो. हसनभाईंना अक्षर येत नव्हतं. ते पत्र ऐकायला त्यांना पुन्हा कुठल्यातरी मास्तरावर विश्वास ठेवावा लागला असता.