अण्णांची दहा हजार पावलं

आमचे अण्णा तीन महिने रोज दहा हजार पावलं चालले, तेही खाटेवरून न उठता.

त्यांची शुगर वाढली होती. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं, "तीन महिने चाला, नाहीतर इन्सुलिनची सुई." आयुष्यभर कारखान्यात लोखंड कापलेले अण्णा सुईला घाबरतात. म्हणून मी पावलं मोजणारं घड्याळ आणलं. (माणसावर पाळत ठेवणाऱ्या यंत्रांविरुद्ध मी स्वतःच पत्रक काढलेलं आहे. पत्रकं मी बरीच काढतो. वाचतं कोण, ते विचारू नका, दमायला होतं.)

पहिल्या दिवशी सोळाशे पावलं. चौथ्या दिवशी थेट दहा हजार! माझ्या मोबाईलवर फटाके उडाले. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, "निर्धार असावा तर असा!" एकतीस अंगठे आले.

तीन महिन्यांनी अण्णा, आई आणि मी दवाखान्यात गेलो. शुगर पहिल्यापेक्षा जास्त! मी भडकलो.

"डॉक्टर, तुमचं मशीन चुकतंय. हा घ्या पुरावा!" म्हणत मोबाईल त्यांच्या नाकापुढे धरला.

त्यांनी चष्मा वर केला. "सगळी पावलं सकाळी आठ ते दहात? एवढ्या घाईनं जाता कुठं हो?"

अण्णा छताचा पंखा बघू लागले.

"त्या वक्ताला मी भाकरी थापते की," आई म्हणाली. "मग धुणं बडवते. हे म्हनले, पट्टा टोचतोय, तूच घाल हातात."

"अण्णा!"

"आरं, तिचा हात हालतोच हाय," अण्णा पुटपुटले. "वाया कशाला घालवायचा?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि शेवटची महिन्याची मुदत दिली.

घरी आल्या आल्या आईनं फर्मान काढलं, "उद्यापासनं दळन तुमी दोघांनी आनायचं. चालत! आपलं झालं की शेजारपाजारचं."

गिरणी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. अण्णांच्या खांद्यावर बाजरीचा डबा, माझ्या खांद्यावर शेजारच्या काकूंचा गहू. घामाघूम होऊन परतलो आणि अण्णांच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बासष्ट पावलं! डबा धरलेला हात हललाच नव्हता ना!

"हा अन्याय आहे!" मी ओरडलो.

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "घरच्या कामाचं आसंच आसतंय बाबा. येक तर कुनी मोजत न्हाई. मोजलं तर दुसऱ्याच्या नावावर."

महिनाभरात शुगर उतरली, सुई टळली. घड्याळाच्या मते अण्णा अजून खाटेवरच आहेत.

आईचं ते वाक्य मात्र मला कुठंतरी वाचल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळानं आठवलं. बाईच्या घरकामाची मोजदाद व्हावी म्हणून मी चार पानी पत्रक लिहिलं होतं. शोधलं तर भाकरीच्या टोपल्यात तळाशी अंथरलेलं सापडलं. ते मी लिहीत होतो, तेव्हा गरम भाकरी टेबलावर आणून कोण देत होतं, तेवढं मात्र चारही पानांत कुठं नव्हतं.