डावीकडचं स्टिअरिंग

कापसाची वेचणी संपून वावरं मोकळी झाली की आमच्या आंजीत टुरिंग टॉकीज यायची. चारी बाजूंनी कनात, मध्ये दोन बांबूंवर ताणलेला पांढरा पडदा. मशीनच्या बाजूला माणसं बसायची आणि पडद्याच्या पलीकडे बायका. पिक्चर दोन्हीकडून सारखाच दिसतो असं सगळ्यांचं मत होतं. उलट बायकांची बाजू बरी, मशीनचा खडखडाट नाही की विड्यांचा धूर नाही. फक्त आमच्या बाजूनं पाहिलं की पिक्चरमधली सगळी माणसं डाव्या हातानं जेवायची. माझी मोठी काकू दरवर्षी म्हणायची, "शहरातल्या लोकायले काही रीतभातच नाई वं!" आम्ही खो खो हसायचो आणि मानायचोही.

त्या वर्षीच्या पिक्चरमध्ये एक गाडी होती. लांब नाकाची, बिनाछपराची, लालभडक. दोघंच बसतील एवढी. हिरो चालवायचा, बाजूला हिरोईन बसायची आणि तिचे केस मागं उडायचे. एका बाजूच्या मडगार्डवर जास्तीचं चाक आणि चालवणाऱ्याच्या हाताशी रबरी फुग्याचा भोंगा. गोष्ट काय होती हे आज कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, पण गाडी डोळ्यांसमोर उभी आहे. जिल्हाभरात लोक त्या गाडीपायी पुन्हा पुन्हा पिक्चर पाहत होते. माझी ताई तर टॉकीज गावात होती तितके दिवस गेली, आणि तिच्यामागं मी.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आई पहाटेच वांगी, पालक, सांभाराच्या जुड्या घेऊन वर्ध्याच्या बाजाराला जायची, त्यामुळे मला वाढवलं ते ताईनंच. माझी शाळा चालावी म्हणून तिची सुटली. या बाईनं आयुष्यात काही मागितलं नाही. मी मात्र मागायची, रुसायची, भांडायची. राग माझ्या नाकावर बसलेला असतो, आजही असतो, आणि तो बरेचदा कामाला येतो.

ताईचं लग्न ठरलं. समुद्रपूरकडचा मुलगा, घरची शेती, ट्रॅक्टर चालवणारा. ती भाकरी थापत होती तेव्हा मी सहज विचारलं, "ताई, लग्नात तुले काय पाह्यजे?"

"त्या गाडीतून जाचं होतं," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. "जाऊ दे वं. येडीच हाय मी."

मला हसू आलं नाही. पंचवीस वर्षांच्या बाईनं पहिल्यांदा काही मागितलं आणि लगेच माफी मागितल्यासारखं हसली, याचाच मला संताप आला. मी म्हटलं, "त्याच गाडीत जाशीन. माहा शब्द हाय."

शब्द दिला तेव्हा माझ्याजवळ गाडीचा एक नटही नव्हता. बाबा होते. बाबांची शेती होती, पण त्यांचा खरा जीव इंजिनात. आजूबाजूच्या विहिरींवरची डिझेल इंजिनं बिघडली की लोक त्यांना बोलवायचे, आणि पाने-पकडी हातात द्यायला मी बरोबर जायची. पोरीच्या हाताला ग्रीस म्हणून गाव नावं ठेवायचं. बाबा म्हणायचे, "ठेवू दे. इंजिन बंद पडलं का मंग आपल्याच दारात येतात."

मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी जन्मात पिक्चर पाहिला नव्हता. कापडावर नाचणारी माणसं काय पाहायची, असं त्यांचं म्हणणं. पण ताईचं नाव घेतल्यावर ते म्हणाले, "कारंज्याले एक जीप पाह्यली होती मी."

कारंजा घाडगेला हायवेवरच्या एका ढाब्यामागं ती जीप सडत होती. बाबांनी ढाब्याच्या विहिरीवरचं इंजिन चालू करून दिलं आणि मजुरीत जीप मागितली. ढाबेवाला म्हणाला, "ले जाओ भैया, साँप निकलते हैं उसमें।" ट्रकच्या मागं बांधून आम्ही ती आंजीला आणली, गोठ्यामागं उभी केली आणि चहूबाजूंनी ताडपत्री लावली. लग्नाच्या दिवसापर्यंत घराबाहेर कुणाला दाखवायची नाही, हा माझा हट्ट. जो डोकावेल त्याच्या अंगावर जळकं ऑइल टाकीन असं मी सांगून ठेवलं होतं, आणि एका चुलतभावावर टाकलंही.

पहिलं भांडण स्टिअरिंगवरून झालं. जीपचं होतं उजवीकडं, जसं आपल्याकडं असतं तसं. मी म्हटलं, "बाबा, हे डावीकडं न्या लागते."

"काऊन वं?"

"त्या गाडीचं डावीकडंच होतं. विलायती गाडी हाय ते. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"अवं, स्टिअरिंग म्हंजे काय चुलीवरचा तवा हाय, इकडून उचलला अन् तिकडं ठेवला? त्याचा बॉक्स, क्लच, ब्रेक, समदंच ओढून न्या लागते."

"मंग ओढू."

आणि ओढलं. कितीतरी संध्याकाळी आम्ही दोघं त्या गाडीखाली पाठीवर पडून होतो. पत्रा कापा, जोड द्या, बसेना की पुन्हा काढा. बाबा चिडायचे, मी त्यांच्यावर चिडायची, आणि ताई चहा घेऊन आली की दोघंही तिच्यावर चिडायचो. मधे बाबांनी हातच टेकले होते. म्हणाले, उजवीकडंच राहू दे, कोण पाहून राह्यलं? मी म्हटलं, ताई पाहून राह्यली. जास्तीचं चाक उजव्या मडगार्डवर, भोंगा डावीकडं, जसं पाहिलं तसं. एक इंच इकडचा तिकडं मी होऊ दिला नाही.

रस्त्याच्या कामावरचे डांबराचे रिकामे ड्रम आणले, उभे चिरले, ठोकून सपाट केले आणि त्यातून लांब नाक काढलं. गादीत घरचाच कापूस भरला. रंग लावला तो पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात तोच, तांबडा. जवळून पाहिलं तर पत्र्यावर हातोड्याचे फोड दिसायचे. लांबून मात्र, काय सांगू, तीच गाडी!

इंजिन चालू व्हायला ढकलावी लागायची. मी आणि बाबा मागून ढकलायचो आणि स्टिअरिंगवर ताई, कारण तिसरं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं डावीकडं वळवली तर गाडी उजवीकडं गेली आणि थेट आईच्या वांग्यांत घुसली. ताई ओरडली, "मी त तिकडंच फिरवलं होतं वो बाबा!" आई हातात खुरपं घेऊन आली. जे बोलली ते लिहीत नाही. स्टिअरिंगची बाजू बदलली आणि आतला दांडा तसाच राहिला होता. बाबांनी तो उलटा करून बसवला तेव्हा गाडीला अक्कल आली. मग रात्री, गाव झोपल्यावर, वावराच्या धुऱ्यानं, पांदणीच्या वाटेनं आम्ही ती फिरवायला लागलो. मी गिअर टाकला की गाडी उडी मारायची. ताईनं टाकला की कळतसुद्धा नसे. मी जळायची.

लग्न सकाळच्या मुहूर्तावर लागलं. वऱ्हाडाचा ट्रक गावाबाहेर वर्ध्याच्या सडकेवर उभा होता. गाडीला कागदपत्रं काही नव्हती, त्यामुळे मांडवापासून तिथपर्यंतच न्यायची असं ठरलं होतं. जावई चालवतील, ताई बाजूला बसेल. जेवणावळी उठल्या, पाठवणीची वेळ झाली, आणि मी ताडपत्री ओढली.

बायकांच्या बाजूनं एकच गलका झाला. "अवं माय! तेच व्हय! तेच!" मोठ्या काकूनं तर गाडीच्या नाकाला हळद-कुंकू लावलं. माझी छाती हातभर फुगली. तेवढ्यात नवरदेवाचे मामा पुढं आले. नागपूरला नोकरी, धोतराच्या गावात एकटेच पँटवाले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान आहे. पण सगळं उलटं आहे. स्टिअरिंग उजवीकडं होतं त्या गाडीचं. स्टेपनी डावीकडं."

"नाई," मी म्हटलं.

"अहो, मी थेटरात पाहिलाय."

"मी बी पाह्यला!"

तर आमच्याच गावचे पुरुष म्हणायला लागले, "मामा खरं सांगून राह्यले. उजवीकडंच होतं." काकू उसळली, "डोळे फुटले का तुमचे? डावीकडं होतं!" बायका सगळ्या डावीकडं, पुरुष सगळे उजवीकडं. नवरा-बायकोची जुंपली, सासू-सुनेचं मात्र पहिल्यांदाच एकमत झालं. मांडवात कुणी कुणाचं ऐकेना. मी तोंड उघडलं होतं मामांना चांगलं सुनवायला, आणि तसंच उघडं राहिलं. कारण मला डाव्या हातानं जेवणारी ती सगळी शहरातली माणसं आठवली.

"आमी पडद्यामागून पाह्यलं," मी म्हटलं.

मग कळायला वेळ लागला नाही. पुरुष पोट धरधरून हसले. बाबा हसले नाहीत. क्लच, ब्रेक, बॉक्स, सगळं ज्यासाठी ओढून नेलं ते कशापायी होतं हे त्यांना तेव्हा समजलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

हसण्यावर भागलं असतं तर चाललं असतं. नवरदेवाची आत्या पुढं आली. "नवरदेव डावीकडं बसला त नवरी त्याच्या उजव्या हाताले येते. लग्न लागल्याबरोबर बायकोची जागा डाव्या हाताले. पहिल्याच दिवशी उलटी बसून घराले येते का? आमाले नाई चालत." तिला खोटंही पाडता येईना. विठोबाच्या देवळात रखुमाई कुठल्या हाताला उभी असते ते सगळ्यांना माहीत होतं. मामा म्हणाले, बैलबंडी जुंपा, वेळ जातो आहे. कुणीतरी बैल आणायला निघालंसुद्धा.

मी आत्याला काय काय म्हटलं ते आठवत नाही. शास्त्र, रीत, सगळं काढलं. बाबांनी माझा दंड धरला. मला रडू आलं ते रागाचं होतं. साऱ्या गावासमोर माझा शब्द मातीत चालला होता, आणि ताई मुंडावळ्या बांधून, खाली मान घालून उभी होती. नवरीनं त्या वेळी बोलायचं नसतं.

ती बोलली. "आत्याबाई, डाव्याच हाताले बसा लागते ना?"

"हो बाई."

"मंग मी डावीकडंच बसते."

आणि शालू सावरून ती गेली आणि स्टिअरिंगवर बसली. नवरदेवानं एकदा ताईकडं पाहिलं, एकदा आत्याकडं. मग तो गाडीला वळसा घालून उजवीकडं बसला आणि हातातली लिंबू खोचलेली कट्यार मांडीवर घेतली. आजही मला तो माणूस आवडतो तो तेवढ्यासाठी.

"हे कसं चालन?" आत्या म्हणाली.

"डाव्या हातालेच हाय ना?" काकूनं विचारलं. "मंग!"

बाबा गाडीच्या मागं गेले आणि मला हाक मारली. आम्ही दोघांनी ढकलायला सुरुवात केली. माझं ढोपर फुटलेलं, नेसलेलं पातळ मातीत, आणि डोक्यात एकच, चालू हो बाई, आज तरी लवकर चालू हो. इंजिननं दोन हिसके दिले आणि धरलं. ताईनं गिअर टाकला, कळलासुद्धा नाही. भोंगा वाजला तशी बायकांनी किंकाळीच फोडली.

आमच्याकडं पाठवणीला नवरी रडली नाही तर माहेरावर तिची माया नाही म्हणतात. आई पदर तोंडाला लावून गाडीच्या बाजूनं धावत होती. "अवं, रड ना वं थोडी! लोक काय म्हनतीन?"

ताईनं मान वळवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मुंडावळ्या वाऱ्यानं कानामागं गेलेल्या.

"आत्ता नाई आई," ती ओरडली. "रडली त रस्ता दिसनार नाई."

आई तिथंच थांबली. ताईच्या वाटचं रडणं मग आम्हीच रडलो, बाबासुद्धा.