मांजर, ग्रंथालय आणि अण्णांची तीन वर्षं

पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या दारामागे एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी लटकलेली असते आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, त्या आपोआप जमतात. नगरच्या आमच्या कॉलेजातल्या स्पॅनिश विभागाच्या किश्श्यांचं तसंच आहे. विद्यार्थी सात, सर एक, खोली एक, पंखा एक. एवढ्यावर तीन वर्षांत इतके किस्से झालेत, की पदवीपेक्षा तेच जास्त वजनाचे भरतील!

आधी सांगून टाकते, मी स्पॅनिशला का गेले. लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, "जागतिक भाषांची ओढ." खरं कारण असं, की ॲडमिशनच्या दिवशी बी.कॉम.ची रांग पार पार्किंगपर्यंत आली होती आणि स्पॅनिशच्या खिडकीवर कुणीच नव्हतं. शिवाय तिथे सावली होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पुणतांब्याला शेती करतात. त्यांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "तीन वर्षं देतो. तेवढ्यात ही भाषा आली तर बरं. न्हाई आली, तर म्होरं मी म्हनंल ते करायचं." ते म्हणतील ते, म्हणजे डी.एड. आणि पाठोपाठ मामांनी बघून ठेवलेला मुलगा. तेव्हापासून ही तीन वर्षं माझ्या डोक्यावर बसली ती बसलीच.

* * *

नगर जिल्ह्यात तुम्ही स्पॅनिश शिकता हे कळलं, की समोरचा एकच वाक्य बोलतो: "मग बोलून दाखव की!"

पहिलं वर्षभर मला पहिला धडा तेवढा पाठ होता. 'माझं नाव आना. माझ्याकडे एक मांजर आहे. मांजर पांढरं आहे. ग्रंथालय डावीकडे आहे.' एसटीत कंडक्टरने विचारलं, मांजर. दळण घेऊन गेले तर गिरणीवाल्याने विचारलं, मांजर.

चुलतबहिणीच्या साखरपुड्यात तर माइकच हातात दिला. "आमची ऋतुजा आता नवऱ्या-नवरीला परदेशी भाषेत आशीर्वाद देईल!" मांडवात दोनशे माणसं आणि पहिल्या रांगेत अण्णा. पळायला जागा नव्हती. मी डोळे मिटले, आवाजात माया आणली आणि सावकाश सगळा धडा म्हणून टाकला. शेवटच्या वाक्याला गळा जरा दाटवलाही.

टाळ्यांचा नुसता कडकडाट! मोठ्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "शब्द न्हाई कळले गं, पन काळजाला लागलं."

मी त्यांना ग्रंथालयाचा पत्ता सांगितला होता.

* * *

आमचे गायकवाड सर कधी स्पेनला गेलेले नाहीत, पण स्पेनवर जीव फार. संस्कृतीच्या तासाला त्यांनी सांगितलं, "तिकडे ओळख झाली की गालाला गाल लावतात. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. परीक्षेला यावर प्रश्न असतो, सराव पाहिजे."

चार मुली, तीन मुलं, आणि सगळे आपापल्या वहीत बघायला लागले.

सरही वरमले. "एकमेकांवर नको. नगर आहे हे." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे बोट केलं. "या कपाटाला समजा."

आम्ही ओळीने उभे राहिलो. पुढे व्हायचं, 'ओला', म्हणजे नमस्कार, म्हणायचं, कपाटाला उजवा गाल, डावा गाल, आणि बाजूला. माझा नंबर आला, गाल टेकवला, कपाट गारेगार होतं, आणि नेमकी त्याच वेळी तपासणी समिती दारात! पुढे प्राचार्य, मागे तीन पाहुणे.

सर डगमगले नाहीत. "प्रॅक्टिकल चालू आहे."

समितीतल्या वयस्कर सदस्यांनी हळूच विचारलं, "कपाटात काय आहे?"

"शब्दकोश," सर म्हणाले.

सदस्यांनी बूट दाराबाहेर काढले, आत आले आणि कपाटाला वाकून नमस्कार केला.

* * *

आमच्यातला संकेत अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. पावसाळ्याच्या सुट्टीत सरांनी फर्मान काढलं, "घरी रोज तासभर मोठ्याने स्पॅनिश बोलायचं." घरचे सगळे भातलावणीत, ऐकणार कोण? संकेत खाचरात बैलांमागे चालायचा आणि त्यांच्याशीच बोलायचा. चल, वळ, थांब, शाब्बास, सगळं स्पॅनिशमध्ये. पठ्ठ्याचे उच्चार आमच्यापेक्षा लाख पटीने सुधारले.

सुट्टी संपली, तो नगरला परतला. दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना सरांचा फोन वाजला. पलीकडे संकेतचे वडील, धापा टाकत.

"सर, बाकी राहू द्या, तेवढं 'थांब'ला काय म्हन्त्यात ते सांगा! बैल बांध उतरून खाली चाललेत!"

* * *

दिवाळीच्या आसपास मेक्सिकोत मृतांचा सण असतो. गेलेल्या माणसाचा फोटो मांडायचा, झेंडूची फुलं, मेणबत्त्या, त्याच्या आवडीचं जेवण. आम्ही म्हटलं, हे तर आपल्याला पाठच आहे! मार्केट यार्डातून पोतंभर झेंडू आणला. मेसच्या मावशींनी पुरणपोळ्या दिल्या. फोटो मात्र कुणी घरून आणायला तयार होईना, म्हणून इंटरनेटवरून एका दाढीवाल्या कवीचं चित्र छापून आणलं. कवी कोण ते आम्हालाही नक्की ठाऊक नव्हतं. दाढी मात्र भारदस्त होती.

दुपारी ऑफिसातले थोरात भाऊसाहेब रजिस्टर घेऊन आले. हार घातलेला फोटो बघितला, डोक्यावरची टोपी काढली, दोन मिनिटं खाली मान घालून उभे राहिले. मग सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"लई वाईट झालं. कधी गेले?"

"झाली असतील साडेतीनशे वर्षं," सर म्हणाले.

भाऊसाहेबांनी टोपी परत घातली. चेहरा एकदम मोकळा झाला.

"म्हंजे पेन्शनची फाईल आमच्याकडं न्हाई यायची!"

* * *

दुसऱ्या वर्षी स्पेनहून इनेस मॅडम ऑनलाइन शिकवायला लागल्या. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी वीस मिनिटं गप्पा. माझी वेळ शनिवारची, म्हणून मी घरून, पुणतांब्याहून बोलायची.

मला लिहिलेलं कळतं. व्याकरण विचारा, धडाधड सांगेन. पण समोर जिवंत स्पॅनिश माणूस आला की माझी दातखीळ बसते. यावर मी एक शोध लावला. मॅडमचा प्रश्न कळला नाही की एकदम पुतळा व्हायचं. डोळे उघडे, तोंड अर्धवट, हात हवेत. त्यांना वाटायचं, नेट गेलं! मग त्या प्रश्न बदलायच्या. सगळं सहा महिने सुरळीत चाललं.

अण्णा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत असायचे. त्यांना तर वाटायचं, पोरगी परदेशी बाईशी फाडफाड बोलते. बाहेर जाऊन चार लोकांना सांगायचेही. ते ऐकून मला लाज वाटायची, पण खरं सांगायची हिंमत मात्र कधी झाली नाही.

एका शनिवारी मॅडमनी भलामोठा प्रश्न विचारला. मी झाले पुतळा. दहा सेकंद, वीस सेकंद. पापणीसुद्धा हलू दिली नाही. पलीकडून मॅडम अगदी सावकाश, मलासुद्धा कळेल अशा स्पॅनिशमध्ये म्हणाल्या,

"ऋतुजा, नेट गेलंय, तर तुझ्या मागे आई केर कसा काढतायत?"

* * *

आणि मग आली तिसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा. दुभाष्याचं काम करून दाखवायचं. परीक्षक इनेस मॅडम, या वेळी स्वतः नगरला आलेल्या. प्रत्येकाने फक्त मराठी बोलणारं एक माणूस आणायचं. मॅडम स्पॅनिशमध्ये विचारणार, माणूस मराठीत सांगणार, मध्ये आपण. यात नापास म्हणजे पदवी अडकली आणि अण्णांची तीन वर्षं संपली.

मी शेजारच्या काकांना विचारलं होतं. आदल्या दिवशी त्यांची गाय व्याली. सकाळी सहाच्या गाडीला पांढरे कपडे घालून अण्णाच उभे!

वाटेत मी त्यांना नियम समजावला. "दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, थेट 'मी' म्हणायचं. म्हणजे तुम्ही जे बोलाल ते मी 'मी' म्हणून सांगणार. आणि परीक्षा चालू असताना मी तुमची मुलगी नाही. मी तिथे नाहीच, असं धरून चला."

"समजलं," अण्णा म्हणाले. "तू तिथं न्हाईस."

खोलीत शिरलो. अण्णा खुर्चीच्या टोकावर बसले, माझ्याकडे ढुंकूनही न बघता. मॅडमनी विचारलं, काय पिकवता? अण्णांनी सांगितलं. आणि मी, एकवीस वर्षांची, स्पॅनिशमध्ये म्हणाले, "माझा दोन एकर कांदा आहे आणि हिवाळ्यात माझे गुडघे धरतात." मॅडमनी हसू दाबलं. पण गाडी चालू लागली. अडखळत, ठेचकाळत, पण चालली.

शेवटी मॅडमनी विचारलं, "मुलगी इतक्या लांबची भाषा शिकते, तुम्हाला काय वाटतं?"

मी मराठीत विचारलं. अण्णांनी खुर्ची मॅडमकडे सरकवली, माझ्याकडे पाठ केली आणि आवाज बारीक केला.

"पोरीला सांगू नका मॅडम, पन ती तीन वर्षांची मुदत म्या उगाच घातली हुती. जरा भ्याली म्हंजे नेटानं शिकंल म्हनून. तिला आज न्हाई जमलं तर आनखी शिकू द्या, पाच वर्षं लागू द्यात. मी हाय. डी.एड.चं मी कवाच सोडलंय डोक्यातनं, आन् त्या पोराच्या घरीबी न्हाई म्हनून कळवून टाकलंय. फकस्त हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका. न्हाईतर अभ्यास करायची न्हाई."

मी सांगितलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, 'मी' म्हणत, कुठेही न अडखळता.

मॅडम अण्णांकडे वळून स्पॅनिशमध्ये तीन शब्द बोलल्या.

मी अण्णांना मराठीत सांगितलं, "मी नाही सांगणार."

"हां," अण्णा म्हणाले. "तेवढं बघा."